दुरुस्ती तयार होती, पोचली नव्हती

सर्व्हरवर काहीही घडलं की ते एका फाइलमध्ये ओळीओळीने नोंदवलं जातं. कोण आलं, कोणतं पान मागितलं, कुठे काय चुकलं. या नोंदीला लॉग म्हणतात. जावाच्या जगात ती लिहिण्याचं काम असंख्य ठिकाणी लॉगफोरजे ही फुकट मिळणारी लायब्ररी करते.

मी रिलीजचं काम करते. प्रोग्रामर कोड लिहितात. तो मेव्हन आणि जेन्किन्स या बांधणीच्या साधनांमधून काढून ग्राहकाच्या सर्व्हरपर्यंत नेणं माझ्याकडे. डिसेंबर २०२१ मध्ये याच लायब्ररीतलं एक भोक जगासमोर आलं. ते दिवस मी पुण्यात घरच्या टेबलावर काढले. लोकांना ते प्रकरण एका सुरक्षाभोकाची गोष्ट म्हणून आठवतं. मला ती रिलीजची गोष्ट वाटते. भोक बुजवणारा कोड लिहायला फार दिवस लागले नाहीत. तो कोड जिथे हवा होता तिथे पोचेपर्यंत मात्र जग धावत होतं.

सप्टेंबर २०१३

लॉगफोरजेच्या २.०-बीटा९ या आवृत्तीत एक नवी सोय आली. लॉगमध्ये लिहायच्या मजकुरात एक ठरावीक खूण असेल, तर लायब्ररी जेएनडीआय या जावाच्या यंत्रणेमार्फत बाहेरून माहिती आणून तिथे भरेल. कुणीतरी गरज म्हणून मागितली, पॅच दिला, तो स्वीकारला गेला. तेव्हा कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. पण लॉगमध्ये जाणारा मजकूर पुष्कळदा परक्याने टाइप केलेला असतो. त्या खुणेत परक्याने स्वतःच्याच सर्व्हरचा पत्ता घातला, तर आपला सर्व्हर आपणहून तिकडे जाणार आणि तिथला कोड आणून चालवणार. हे दार आठ वर्षं उघडं होतं.

बुधवार, २४ नोव्हेंबर २०२१

अलिबाबा क्लाउडच्या सुरक्षा विभागातल्या चेन झाओजुन यांनी, लॉगफोरजे ज्या संस्थेची आहे त्या अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनला खाजगीत कळवलं. दोन दिवसांनी या दोषासाठी क्रमांक राखून ठेवला गेला: सीव्हीई-२०२१-४४२२८. लॉगफोरजे सांभाळणारे मोजके स्वयंसेवक. त्यांची पोटापाण्याची नोकरी वेगळी. रात्री नि सुटीच्या दिवशी बसून त्यांनी दुरुस्तीला हात घातला.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

दुरुस्तीचं काम उघड्यावर दिसू लागलं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोड सगळ्यांसमोरच बदलतो. ‘मजकुरातला शोध आपोआप होऊ नये’ असा बदल कुणी करत असेल, तर जाणकार माणूस दोन मिनिटांत विचारतो, का बरं?

बुधवार, १ डिसेंबर, भारतीय वेळ सकाळी १० वाजून ६ मिनिटं ५० सेकंद

क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीने नंतर आपल्या जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा या भोकाचा वापर करू पाहणारी सगळ्यांत आधीची विनंती त्यांना या क्षणाची सापडली. युटीसीनुसार ४:३६:५०. गाजावाजा व्हायला अजून आठ दिवस होते.

सोमवार, ६ डिसेंबर

२.१५.० चा पहिला रिलीज कँडिडेट, म्हणजे आरसी१, तयार झाला. इथे जरा थांबते, कारण वेळ कुठे जातो हे बाहेरच्यांना दिसत नाही.

अपाचेच्या जावा प्रकल्पात रिलीज साधारण असा निघतो. मेव्हनचं रिलीज प्लगइन पॉम या प्रकल्पाच्या मांडणी-फाइलमधला ‘स्नॅपशॉट’ हा कच्चेपणाचा शिक्का काढून पक्का क्रमांक टाकतं, गिटमध्ये टॅग लावतं आणि त्या टॅगवरून सगळं नव्याने बांधतं. प्रत्येक जारवर, म्हणजे बांधून तयार झालेल्या फाइलवर, जीपीजीच्या चावीने सही होते. माल स्टेजिंग रिपॉझिटरीत येऊन थांबतो आणि मग मतदान होतं. प्रकल्पाच्या समितीतली किमान तीन अनुकूल मतं लागतात, एरवी मुदत ७२ तासांची. मंजूर झालं की माल मेव्हन सेंट्रलवर जातो. जगभरचे बिल्ड तिथूनच उचल करतात.

ही शिस्त मला मनापासून पटते. सेंट्रलवर गेलेली जार परत घेता येत नाही, त्याच क्रमांकाखाली बदलताही येत नाही. म्हणून पाठवण्याआधी दहा डोळ्यांखालून जावी हेच बरं. पण आरसी१ मतदानासाठी ठेवला, तेव्हाच तो साऱ्या जगासमोरही ठेवला गेला.

आणि त्यात एक फट राहिली होती. जेएनडीआयचा पत्ता तपासताना तो वेडावाकडा निघाला तर जावा एक्सेप्शन फेकतं. ते एक्सेप्शन पकडलं होतं, पण पकडून काहीच केलं नव्हतं. प्रोग्राम तसाच खालच्या ओळीवर उतरायचा आणि न तपासलेला पत्ता शोधायला निघायचा. पत्त्यात एक मोकळी जागा सोडायची, स्पेसबारचा एक ठोका, की तपासणी चुकली. ही सोय ज्यांनी मुद्दाम चालू ठेवली असती त्यांनाच याचा धोका होता. तरीही नवा कँडिडेट काढणं भाग पडलं. आरसी२ मध्ये ती दुरुस्ती आली.

बुधवार, ८ डिसेंबर

चेन यांनी पुन्हा अपाचेला लिहिलं. चीनमधल्या वीचॅटवरच्या सुरक्षावाल्यांच्या गटांत या भोकाची चर्चा सुरू झाली होती; घाई करा, अशी त्यांची विनंती होती. दोन आठवड्यांनी चीनच्या उद्योग व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने, आपल्याला वेळेवर कळवलं नाही म्हणून, अलिबाबा क्लाउडबरोबरची सुरक्षा-माहितीची भागीदारी सहा महिन्यांसाठी थांबवली. माझं मत विचाराल तर चेन यांनी रीत पाळली. ज्याचा माल आहे, त्याला आधी सांगितलं.

गुरुवार, ९ डिसेंबर

भोक चव्हाट्यावर आलं. हल्ला कसा करायचा याचा नमुना कोड गिटहबवर, त्याची लिंक ट्विटरवर. माइनक्राफ्ट खेळणाऱ्यांच्या ध्यानात आलं की खेळातल्या गप्पांच्या चौकटीत एक ओळ टाइप केली तरी सर्व्हर ताब्यात येतो. ओळ अगदी छोटी: डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस, आत जेएनडीआय, विसर्गासारखी दोन टिंबं, एलडॅप आणि पुढे हल्लेखोराचा पत्ता. त्या क्षणी मेव्हन सेंट्रलवरची सर्वांत ताजी आवृत्ती होती २.१४.१. भोकासकट.

शुक्रवार, १० डिसेंबर

२.१५.० सेंट्रलवर आली. ७२ तास थांबण्याची चैन कुणालाच परवडणार नव्हती. दोषाची तीव्रता जाहीर झाली: १० पैकी १०.

इथून पुढचे तास माझ्या टेबलावरचे आहेत. कंपनीचं नाव सांगत नाही. कुठलीही कंपनी घेतली तरी त्या दिवशी फार वेगळं चित्र नसेल.

सकाळी ८.४०

ग्राहकाचा फोन. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगफोरजे आहे का? आमच्या टीम लीडने खात्रीने सांगितलं, नाही. आमचा लॉग लॉगबॅक ही वेगळी लायब्ररी लिहिते. तो खोटं बोलत नव्हता. आमच्या पॉममध्ये लॉगफोरजे हा शब्दच नव्हता.

९.१५

मेव्हनला डिपेन्डन्सी ट्री मागितली. आपण एक लायब्ररी घेतो, ती आणखी चार घेते, त्या चार आणखी वीस आणतात. हा सगळा गोतावळा ही आज्ञा फांद्यांसारखा मांडून दाखवते. अकरा मॉड्यूल, पडद्यावर शेकडो ओळी. अहवाल छापणाऱ्या एका लायब्ररीखाली, तिसऱ्या फांदीला, लॉगफोरजे-कोअर २.१३.३ बसलेली होती. तिला आम्ही बोलावलं नव्हतं, पण आमच्या घरात ती दीडेक वर्ष राहत होती.

१०.०५

मूळ पॉममध्ये आवृत्ती २.१५.० अशी ठोकून बिल्ड लावला. जेन्किन्स लाल. आर्टिफॅक्ट सापडत नाही. ब्राउझरमधून सेंट्रल उघडलं तर जार डोळ्यांसमोर दिसतेय.

यात तासभर गेला. आमचे बिल्ड थेट सेंट्रलला जात नाहीत, मधे नेक्सस हे कंपनीचं स्वतःचं जारचं कोठार बसलेलं असतं. आदल्या रात्री टीममधल्या कुणीतरी बातमी वाचून उत्साहाने २.१५.० मागून पाहिली होती. तेव्हा ती सेंट्रलवर पोचलीच नव्हती. नेक्ससने ‘नाही’ हे उत्तर लक्षात ठेवलं. त्याची ठरलेली मुदत १,४४० मिनिटं, म्हणजे पुरता एक दिवस. तोवर तो सेंट्रलला पुन्हा विचारणारच नाही. बिल्डच्या मशीनवर मेव्हननेही आपल्या लोकल रिपॉझिटरीत तोच नकार जपून ठेवला होता. नेक्ससची कॅशे रिकामी केली, बिल्डला सक्तीने नवं आणायला लावणारा मोठा ‘यू’ जोडला, तेव्हा जार उतरली. दुरुस्ती जगात आली होती आणि आमचीच यंत्रणा ती आलेली नाही असं आम्हाला सांगत होती.

दुपारी १२.३०

बिल्ड हिरवा, पण सर्व्हर उठेना. कोअर २.१५.० ची आणि तिच्या जोडीची एपीआय जार जुनीच. नव्या कोअरला हवी ती मेथड जुन्या एपीआयमध्ये नव्हती. मेव्हन दोन आवृत्त्यांच्या भांडणात झाडाच्या मुळाजवळची निवडतं, नवी कोणती याचा विचार करत नाही. ग्रेडल आपणहून वरची आवृत्ती घेतं. दोन्ही साधनं वापरणाऱ्या टीमची इथे हमखास गफलत होते. लॉगफोरजेचा बीओएम, म्हणजे सगळ्या जार एकाच आवृत्तीला बांधणारी यादी, पॉममध्ये आणला. सर्व्हर उठला.

४.२०

रिलीज काढायला घेतला. रिलीज प्लगइन पहिल्याच पायरीला अडलं: फाइलींमध्ये न नोंदवलेले बदल आहेत. बदल आम्ही केलेच नव्हते. स्क्रीनच्या बाजूचं बिल्ड चालताना एक लॉक फाइल स्वतःहून बदलत होती. ती सावरली. पुन्हा लावलं. या वेळी टॅग पडला, पॉम बदलले आणि चाचण्यांच्या मशीनचं नेटवर्क गेलं. तिसऱ्यांदा लावलं तर, टॅग आधीच आहे. टॅग काढला, अर्धवट राहिलेली रिलीज प्रॉपर्टीजची फाइल काढली. चौथ्यांदा सगळं बांधून झालं आणि नेक्ससने माल नाकारला, कारण मधल्या धावपळीत दोन मॉड्यूल त्याच क्रमांकाने आत गेली होती आणि रिलीजच्या रिपॉझिटरीत एका क्रमांकावर दुसऱ्यांदा लिहिता येत नाही.

या नियमाला त्या संध्याकाळी सगळ्यांनी बोल लावला. कुणी म्हणालं, आजच्यापुरतं लिहू द्या. मी नाही म्हटलं. एका क्रमांकाच्या दोन जार जगात फिरू लागल्या, तर उद्या कोणत्या ग्राहकाकडे भोक आहे नि कोणाकडे नाही, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आम्ही तो क्रमांक सोडून पुढचा घेतला.

रात्री ९.५०

हिरवा. अकराच्या अकरा मॉड्यूल. ग्राहकाला पाठवायचं पत्र लिहून ठेवलं होतं. वर्षभरापूर्वी लागलेला एक मुलगा कॉलवर होता, दिवसभर फारसं बोलला नव्हता. तो म्हणाला, “मॅम, मी तयार झालेली फाइल उघडून पाहिली. जुन्या लॉगफोरजेचा जेएनडीआय लुकअपचा क्लास अजून आत आहे.”

ट्री पुन्हा काढली. कुठेही जुनी आवृत्ती नाही. तो तरी ठाम. मग त्याने स्क्रीन दाखवली. एका बाहेरच्या पुरवठादाराची जार होती. त्यांनी आपल्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी फोडून, त्यांचे क्लास आपल्याच जारमध्ये मिसळून एक जाडजूड जार केली होती. याला शेडिंग म्हणतात. अशा जारच्या पोटात काय आहे हे डिपेन्डन्सी ट्रीला दिसत नाही. आम्ही दिवसभर झाडाच्या फांद्या मोजत होतो, कीड खोडात होती.

पुरवठादाराकडून उत्तर यायला सोमवार उजाडणार होता. आम्ही ती जार झिपसारखी उघडून तो एक क्लास उपटून काढला, जारला आमचा स्वतःचा वेगळा क्रमांक देऊन नेक्ससमध्ये ठेवली आणि पॉम तिच्याकडे वळवला. अपाचेनेही घाईच्या वेळचा उपाय म्हणून हाच मार्ग सांगितला होता.

रात्री १.३५

रिलीज बाहेर. इंटरनेटकडे तोंड असलेल्या आमच्या चाचणी सर्व्हरचा लॉग मी उघडला. ब्राउझरचं नाव जिथे नोंदवतात त्या रकान्यात ती ओळ होती. डॉलर, महिरपी कंस, जेएनडीआय. एकदा नव्हे, दिवसभरात कितीतरी वेळा, वेगवेगळ्या पत्त्यांवरून. त्या सर्व्हरवरून बाहेर जाण्याचा मार्ग आधीपासूनच बंद होता म्हणून बाहेर काही गेलं नव्हतं. मी लॉग मिटला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

रविवार, १२ डिसेंबर

कॅनडातल्या क्वेबेक सरकारने खबरदारी म्हणून आपल्या ३,९९२ संकेतस्थळांना कुलूप लावलं. त्यातल्या कशात लॉगफोरजे आहे हे एकेक तपासून मगच ती उघडायची, असं ठरलं. मला या निर्णयाचं कौतुक वाटलं. आपल्याकडे काय आहे हे माहीत नाही, हे त्यांनी उघडपणे मान्य केलं आणि त्याप्रमाणे वागले.

सोमवार, १३ डिसेंबर

२.१६.० आली. २.१५.० ची दुरुस्ती काही खास मांडणीत अपुरी होती. मजकुरातला शोध आता पुरता काढून टाकला गेला आणि जेएनडीआय मुळातच बंद ठेवलं गेलं. या उणिवेला दुसऱ्या दिवशी वेगळा सीव्हीई क्रमांक मिळाला, तीव्रता ३.७, चारेक दिवसांत ती ९ वर गेली. एक सेटिंग बदललं की पुरे, असा सल्ला शनिवार-रविवारी सर्वत्र फिरला होता. तोही पुरेसा नव्हता. आम्ही पुन्हा रिलीज काढला. या वेळी चार तासांत.

गुरुवार, १६ डिसेंबर

बेल्जियमच्या संरक्षण मंत्रालयाला आपल्या नेटवर्कवर याच भोकातून हल्ला झाल्याचं आढळलं.

त्याच दिवशीची मेव्हन सेंट्रलची मोजणी गुगलच्या लोकांनी प्रसिद्ध केली. लॉगफोरजेच्या भोकाशी जोडलेले ३५,८६३ आर्टिफॅक्ट, म्हणजे सेंट्रलवरच्या एकूण मालाच्या ८ टक्क्यांहून जास्त. पुढे फक्त कोअर जारवर अवलंबून असलेलेच धरले तेव्हा आकडा सुमारे १७,०००, म्हणजे ४ टक्क्यांच्या आसपास आला. माझ्या दृष्टीने त्या अहवालातला महत्त्वाचा आकडा दुसराच होता. बाधितांपैकी ८० टक्क्यांहून जास्त ठिकाणी लॉगफोरजे थेट घेतलेली नव्हती. बहुतेकांकडे ती पाचव्या पातळीवर होती, काहींकडे नवव्या.

जावाच्या जगात बहुतेक सगळे नेमकी आवृत्ती लिहितात: मला २.१३.३ हवी. त्यामुळे २.१५.० आली म्हणून ती आपोआप कुणाकडे जात नाही. पाचव्या पातळीवरच्याने ती घ्यायची, आपला रिलीज काढायचा, मग चौथ्याने, मग तिसऱ्याने. प्रत्येकाचा स्वतःचा जेन्किन्स, स्वतःची चाचणी, स्वतःचं मतदान, स्वतःचा सुटीवर गेलेला माणूस. आमच्याकडे शुक्रवारी एका कंपनीत जे सोळा-सतरा तास गेले, ते या साखळीच्या प्रत्येक कडीला कधी ना कधी द्यावे लागणार होते. नेमकी आवृत्ती लिहिण्याच्या सवयीला मी दोष देणार नाही. तिच्यामुळेच कालचा बिल्ड आज तसाच येतो. पण तिची किंमत अशा आठवड्यात मोजावी लागते.

शुक्रवार, १७ डिसेंबर

अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेचा आणीबाणीचा आदेश निघाला: सरकारी खात्यांनी २३ तारखेच्या संध्याकाळी ५ पर्यंत इंटरनेटकडे उघडी असलेली यंत्रणा सावरावी. त्याच रात्रीच्या सुमारास २.१७.० आली, कारण २.१६.० मध्ये स्वतःलाच बोलावत राहून सर्व्हर पाडणारी एक गुंतवळ निघाली होती. २८ तारखेला २.१७.१. अठरा-एकोणीस दिवसांत चार रिलीज. या स्वयंसेवकांवर त्या काळात जगभरातून शिव्यांचा पाऊस पडला. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांचं काम फुकट वापरलं, त्यांनीच दिल्या. हे मी विसरलेले नाही.

जुलै २०२२

अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने आपल्या अहवालात लिहिलं की हे भोक आता कायमच्या वस्तीला आलेल्या रोगासारखं आहे, सुधारणा न झालेल्या प्रती दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ सापडत राहतील. एका केंद्रीय खात्याने या एका प्रकरणावर ३३,००० तास खर्च केल्याची नोंद त्यात आहे.

लॉगफोरजे-कोअर २.१४.१ मेव्हन सेंट्रलवर आहे. तिथलं काही पुसलं जात नाही. कुणाच्याही पॉममध्ये ती ओळ असेल तर जार तक्रार न करता उतरते आणि बिल्ड हिरवा होतो. तुम्ही जावात काम करत असाल तर आज घरी जाण्याआधी दोन गोष्टी करा. आपल्या प्रत्येक मॉड्यूलची डिपेन्डन्सी ट्री काढा. आणि मग तयार झालेली फाइल उघडा, तिच्यातल्या प्रत्येक जारच्या पोटात जेएनडीआय लुकअपचा क्लास शोधा. तो सापडला, तर त्या जारमधली लॉगफोरजेची आवृत्ती कोणती आहे ते पाहा. २.१७.१ च्या आधीची असेल, तर रिलीज आजच लावा.